साडेतीन इंचांचा रणमर्द

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा संपादक म्हणाले, "काकी, चाळीस वर्षं सुऱ्या-चाकू विकलेत तुम्ही. काहीतरी खुसखुशीत येऊ द्या." मी हो म्हटलं. आता लिहायला बसले आहे तर खुसखुशीत काही सुचत नाही, रागच वर येतो. तेव्हा संपादकांनी सांभाळून घ्यावं. छापायचं नसेल तर तसं स्पष्ट कळवावं, म्हणजे मी दुसऱ्या अंकाला देईन.

कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं दुकान. सासऱ्यांनी काढलं. माझे यजमान लवकर गेले आणि सासऱ्यांचे डोळे अधू झाले, तेव्हा मी गल्ल्यावर बसले ती गेल्या पाडव्यापर्यंत बसले होते. विळी, कात्री, अडकित्ता, दाढीची ब्लेडं, चांभाराची रापी, माळ्याची कात्री, कलमाचा चाकू आणि खिशात ठेवायचे घडीचे चाकू, असा सगळा माल. आम्ही जैन. जयसिंगपूरला माझ्या माहेरी कांदा घरात येत नव्हता, आणि इथे येऊन मी जन्मभर बायकांना कांद्याला कुठली सुरी बरी ते सांगितलं. नातेवाईक थट्टा करायचे की अहिंसावाल्यांची सून आणि हत्यारं विकते. मी म्हणायची, भाजी तुमच्याकडे दातांनी चिरतात का?

गिऱ्हाईक दारात आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "मावशी, मालक कुठं हायत?"

"समोर उभी हाय."

"तसं न्हवं, चाकू दाखवायला कोण हाय का?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न काही मेला नाही. मी धारेवरून नख फिरवून दाखवलं की मग गडी गप्प बसायचा. कधी कधी तर माझ्याकडून सगळं समजून घेऊन वर म्हणायचा, मालक आले की येतो.

खिशातला चाकू ही आपल्याकडची जुनी हौस आहे. शेतावर पाहुणे आले, पेरू तोडला, धोतराच्या कनवटीतून किंवा बंडीच्या खिशातून चाकू निघाला, टक् करून उघडला आणि फोडी पुढे आल्या. त्यात एक रुबाब असतो. तो रुबाब मी कधी नाकारला नाही. माझा धंदाच त्यावर होता. गडहिंग्लजहून एक रिटायर एसटी ड्रायव्हर यायचे, मला अक्का म्हणायचे. त्यांची मागणी अशी, "अक्का, पावण्यांम्होरं खिशातनं काढला की पावणं बोलायचं थांबलं पायजे."

त्यांना जे शिकवलं तेच इथे सांगते, कारण लोकांना वाटतं की मोठा तोच भारी. घडीचा चाकू घेताना पातं किती लांब ते शेवटी बघायचं. आधी तो बंद असताना बघायचा. पातं दोन्ही बाजूंच्या बरोबर मध्ये बसलंय का? एका अंगाला टेकत असेल तर तो ठेवून द्यायचा. मग मुठीवरून अंगठा फिरवायचा. लाकूड आणि पितळ जिथे भेटतात तिथे नख अडकलं तर कारागिराने घाई केलेली आहे. मग सावकाश उघडायचा. पाठीला पोलादाची कमान असते, ती पात्याला धरून ठेवते. उघडताना ती आधी विरोध करते आणि मग एकदम सोडते, तो आवाज कोरडा आणि एकच आला पाहिजे. उघडल्यावर पातं हलवून बघायचं, हललं नाही पाहिजे. शेवटी वर्तमानपत्राचा कागद धरून वरून खाली कापायचा. एवढ्यात पास झाला तर तीन-साडेतीन इंचांचा चाकूसुद्धा पाहुण्यांना गप्प करतो. ड्रायव्हरसाहेबांनी शिसवी मुठीचा असा एक नेला आणि पुढच्या खेपेला सांगायला आले की व्याही दोनदा मागून हातात घेऊन बघत होते.

आता कायदा. मी वकील नाही, पण दुकान चालवायचं तर समजून घ्यावाच लागला. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं हत्यार परवान्याशिवाय ठेवता येत नाही. घरात, शेतात, कारखान्यात वापरायला म्हणून बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. खटका दाबला की पातं बाहेर उसळतं तसला चाकू मी दुकानात कधी घेतलाच नाही, कारण तो खिशात सापडला की पुढचं ऐकून कोणी घेत नाही. आणि या सगळ्यावर असतो मनाई आदेश. सण, निवडणूक, मोर्चा काही आलं की जिल्ह्यात काही दिवस काठ्या, सुऱ्या, शस्त्रं घेऊन फिरायला बंदी होते. त्या दिवसांत चाकू घरी ठेवावा, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. वर्तमानपत्रात आदेश आला की कात्रण काढून काचेला चिकटवायची.

ते कात्रण वाचतं कोण? एकदा चारजण आले, अंगावर सारखे टी-शर्ट.

"काकी, लांबातला लांब काय हाय?"

"काय कापणार?"

हा आमच्या दुकानाचा प्रश्न. सासऱ्यांनी घालून दिलेला. आधी काम विचारायचं, मग माल काढायचा.

"केक कापायचाय. दादाचा वाढदिवस हाय."

"केकला किती लांब लागतंय?"

"तलवारच पायजे हुती खरं तर. रील काढायचीय चौकात."

मी आतून प्लास्टिकची केकची सुरी काढली आणि समोर ठेवली. ते हसायला लागले. मी काही हसले नाही. म्हटलं, चौकात तलवार उगारून केकवरचं लोणी कापायला जी मर्दुमकी लागते ती माझ्याकडे विकायला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्या दादाचं रील सगळ्या गल्लीने पाहिलं, माझ्या पुतण्याने मला दाखवलं. तलवार खरी होती. दादाला काय झालं विचाराल तर काहीही झालं नाही. दुसऱ्या वाढदिवसाचा फलकसुद्धा त्याच चौकात लागला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे सांगणार आहे ते वाचताना हा दादा डोळ्यांपुढे राहावा.

तो तिकडे केक कापत असताना इकडे माझी विक्री उतरत होती. फोनवर बोट दाबलं की घरपोच चाकू यायला लागले. कचकड्याच्या मुठी, पात्यावर वाघाचं तोंड, आणि नावं अशी की वाचूनच घाम फुटावा. लोक माझ्या दुकानात येऊन हातात चाकू घ्यायचे, माझ्याकडून सगळं शिकून घ्यायचे आणि घरी जाऊन ते मागवायचे. मला चीड आली. म्हटलं, नावाचीच हौस असेल तर नाव मीही देते. छान पुठ्ठ्याच्या पेट्या करून घेतल्या, आत लाल मखमल, वर सोनेरी अक्षरांत नाव. साध्या फळाच्या चाकूचा झाला सरदार. चांभारांना लागतो त्या रुंद पात्याच्या चाकूचा झाला झुंजार. आणि कलमाचा चांगला पोलादी चाकू, शिसवी मूठ, मुठीच्या टोकांना पितळी टोप्या, साडेतीन इंच पातं, त्याचं नाव ठेवलं रणमर्द.

खप वाढला. मी खूश होते, ते लपवत नाही.

मात्र त्याच सुमाराला एक गोष्ट सुटली. सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्या बिलावर चाकूचं नाव नसायचं, काम असायचं. 'कलमासाठी चाकू, नग एक.' 'चामडं कापण्यासाठी, नग एक.' गिऱ्हाईक विचारायचं की हे कशाला लिहिता? सासरे म्हणायचे, वाटेत कोणी अडवलं तर तुझ्या वतीने हा कागद बोलेल. मी कॉम्प्युटरवर बिलं सुरू केली तेव्हा पेटीवरचं नाव तेवढं त्यात भरलं. काम लिहायला रकाना नव्हता. करून घेता आला असता. मी करून घेतला नाही.

रामगोंडा शिरोळकडचा. कलमं बांधायचं काम करणारा. पंचेचाळिशीचा, सातवी शिकलेला, बोलायला मऊ. गुलाबाला डोळा भरायचा तर त्यानेच, असं त्या भागातले नर्सरीवाले सांगायचे. डोळा भरणं म्हणजे चांगल्या जातीच्या फांदीवरची एक कळी सालीसकट काढायची आणि जंगली गुलाबाच्या सालीत चीर देऊन आत बसवायची. साल जरा जरी फाटली तरी डोळा वाळतो. त्यासाठी कलमाच्या चाकूच्या दुसऱ्या टोकाला पितळेची बोथट जीभ असते, तिने साल अलगद उचलायची. रामगोंडा इतकी वर्षं हे काम दाढीच्या अर्ध्या ब्लेडने आणि अंगठ्याच्या नखाने करत आला होता.

एका शेती शाळेत मुलांना कलम शिकवायला माणूस हवा होता. पदवीवाले पुष्कळ आले. संस्थेच्या लोकांनी सगळ्यांना गुलाब बांधायला लावले आणि महिन्याने बघितलं तर रामगोंडाने भरलेले डोळे फुटून कोंब आलेले. त्याला घेतलं. कायमची जागा, वर्षभर पगार, राहायला खोली. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला तेवढा आणून द्यायचा होता, त्यासाठी तो कोल्हापूरला आला होता. अर्ज देऊन माझ्या दुकानात आला, रणमर्द घेतला, पेटी पिशवीत टाकली आणि स्टँडकडे निघाला.

त्या दिवशी सकाळीच मनाई आदेश निघाला होता. माझ्या काचेवर कात्रण नव्हतं, कारण तो वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी येणार होता.

चौकात पिशव्या तपासत होते. दुपारी मला फोन आला, विक्रेत्याने चौकीत यावं म्हणून. मी गेले. रामगोंडा बाकावर बसला होता, हात मांडीवर, चप्पल बाजूला काढून. देवळात यावं तसा. मला बघून उठून उभा राहिला.

हवालदार म्हणाले, "मावशी, मालकांना बोलावलंय."

त्यावर मी काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. आतून फौजदार आले, तरुण होते, शांत होते. टेबलावर पेटी उघडी ठेवलेली. मी दुकानातून पट्टी घेऊनच गेले होते. पातं मोजून दाखवलं.

"साडेतीन इंच. नऊ इंचांचा कायदा हाय. आणि हे शेतीचं अवजार हाय."

"इंचाचं बोलूच नका काकी. आदेश लागू हाय. सुरी घिऊन फिरायचं न्हाय म्हंजे न्हाय."

"मग समोर तो अननसवाला काय दातानं सोलतोय?"

"त्येचं काम हाय ते."

"याचंही कामच हाय. कलमं बांधतोय हा. शिरोळात कुणालाबी विचारा."

फौजदारांनी पेटीखालून बिल काढलं. "असं कुटं लिव्हलंय? दाखवा की." मग त्यांनी मोठ्याने वाचलं, "रणमर्द, नग एक." आणि माझ्याकडे बघून अगदी सरळ विचारलं, "काकी, रणात कलमं बांधत्यात व्हय?"

हवालदार हसले. चाळीस वर्षांत त्या दुकानात मला निरुत्तर करणारं गिऱ्हाईक आलं नव्हतं, आणि इथे माझ्याच कागदाने माझं तोंड बंद केलं. मी लेखी देते म्हटलं, दिलंही. हा चाकू कलमासाठी बनतो, नाव मी खपासाठी ठेवलं आहे, असं दोन पानं लिहून खाली सही केली. रामगोंडाला म्हटलं, चाकूची जीभ दाखव यांना, साल कशी उचलतोस ते दाखव. तो पुढे झाला तर हवालदार ओरडले, "ए, हात लावायचा न्हाय त्येला!"

गुन्हा नोंदला गेला. आदेश मोडला म्हणून. फौजदारांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले, वरनं आकडा मागत्यात काकी, दिवसभरात काहीतरी दाखवावं लागतं. त्यांना वाटलं असेल की हे ऐकून मी शांत होईन. मी ग्लास तसाच ठेवून उठले. दादाच्या तलवारीला आकडा नसतो का हो? ती लांबीला कमी पडते? सगळ्या शहराने फोनवर पाहिलेली तलवार सापडत नाही आणि पेटीतल्या मखमलीवर ठेवलेला साडेतीन इंचांचा चाकू बरोबर सापडतो.

चारित्र्याच्या दाखल्यावर शेरा आला, गुन्हा प्रलंबित. शाळेने महिनाभर वाट पाहिली. मी स्वतः दोनदा जाऊन आले. प्राचार्य भले होते, म्हणाले, आमच्या हातात कागदापलीकडे काही नाही. यादीत दुसरा होता तो लागला. तो पदवीवाला. त्याचे किती डोळे फुटले होते ते मी विचारलं नाही.

कोर्टात दीड वर्ष तारखा पडल्या. रामगोंडा प्रत्येक तारखेला एसटीने यायचा आणि मीही जायची. शेवटच्या दिवशी न्यायाधीशबाईंनी चाकू मागवला. लाखेने बंद केलेली पिशवी फोडून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उलटसुलट केला, पितळी जीभ बाहेर काढली आणि विचारलं, "हे काय आहे?"

दीड वर्षात हा प्रश्न पहिल्यांदा कोणीतरी विचारला. रामगोंडाने सांगितलं. हात हवेत धरून साल कशी उचलायची तेही दाखवलं. बाईंनी ऐकलं, दोन ओळी लिहिल्या आणि त्याला सोडलं. सगळं मिळून चहा गार होण्याइतका वेळसुद्धा लागला नाही. माझ्या शेजारची एक बाई म्हणाली, सुटला बघा, बरं झालं. मला मात्र बाकावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

काही दिवसांनी त्याला मुद्देमाल परत मिळाला आणि तो तसाच दुकानात घेऊन आला. पोलादी पातं, दीड वर्ष बंद पिशवीत. पूर्ण गंजलेलं. पात्याची कमान अडकलेली, पातं उघडेना. मी तेल आणलं, चिंधी आणली, बडबडत घासत बसले. फौजदार, हवालदार, शाळा, दादा, कॉम्प्युटर, सगळ्यांचा उद्धार केला. तो समोर स्टुलावर बसून ऐकत होता.

"अण्णा, हा राहू दे. दुसरा घेऊन जा माझ्याकडनं. बिलावर काम लिव्हून देते."

"नगं काकी. चाकू जवळ ठेवायचंच सोडलंय आता."

"मग कलमं?"

"ज्येंची झाडं त्येंच्याच घरातली सुरी मागून घेतो. काम झालं की परत देतो."

"घरातल्या सुरीनं साल फाटती की रे."

"फाटती," तो म्हणाला. "पयल्यासारखं लागत न्हाईत डोळं. बोलवणारी बी कमी झाल्यात."

माझा हात थांबला. इथवर मी सगळ्यांवर राग काढला आहे, या लेखातही आणि त्या दिवशी दुकानातही. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, चौकीत लिहून दिलेल्या दोन पानांतही नाही. रामगोंडा त्या दिवशी माझ्याकडे चाकू घ्यायला आलाच नव्हता. तो ब्लेडची पाकिटं न्यायला आला होता. दाखल्याचा अर्ज देऊन आलोय, मास्तर होणार, असं लाजत सांगत होता, आणि मीच पेटी उघडून समोर ठेवली होती. म्हटलं होतं, अण्णा, पोरांपुढं ब्लेड घेऊन उभा राहणार काय? मास्तरला शोभेल असं घे. त्या दिवशी काय कापणार हे मी विचारलं नाही, मला माहीत होतं. मला पेटी खपवायची होती.

मी ते त्याला सांगितलं. माझ्यामुळं गेली तुझी नोकरी, असं सरळ शब्दांत म्हटलं. तो रागावला असता, ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याने माझ्या हातातला अर्धवट घासलेला चाकू घेतला, मुठीवरून अंगठा फिरवला.

"तुमी म्हनला ते खरंच हाय काकी," तो म्हणाला. "पर मलाबी लई आवडला हुता की. चौकात धरलं तवा मी पेटी उघडूनच बघत हुतो."